गावच्या ग्रुपवर गप्प बसलेल्यांना बोलतं कसं करायचं

आमच्या गावचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गाव देवगड तालुक्यातलं, ग्रुपात ३४० माणसं, अर्धी गावात आणि अर्धी परळ-भांडुप-विरार-डोंबिवली अशी पसरलेली, आणि बोलणारे किती तर ७. मला धरून ७. बाकीचे येतात, बघतात, जातात. मी ॲडमिन झालो तेव्हा मला वाटायचं लोकांना गावाचं काही पडलेलंच नाही, दोन-तीनदा रागाने लिहिलं पण होतं की "सर्वांनी सहभाग घ्यावा ही नम्र विनंती", त्यावर ६ अंगठे आले. त्याच सहा जणांचे.

मग १६ मे २०२१ ला तौक्ते आलं. वादळ किनाऱ्याला घासून वर सरकलं, लाईट गेली, माड आडवे झाले, आणि मुंबईतल्या एका पोराने ग्रुपवर एवढंच विचारलं, "वाडीचं नाव लिहा आणि पुढे ठीक किंवा ठीक नाही, बाकी काय लिहू नका, चार्जिंग वाचवा." रेंज एक काडी, तरी संध्याकाळपर्यंत अशा अशा माणसांनी लिहिलं की ज्यांचे नंबर माझ्याकडे सेव्ह पण नव्हते. "खालची वाडी ठीक." "माड पडलो गोठ्यार, माणसा ठीक." तीन शब्द, पाच शब्द. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की इतकी वर्षं मी जे विचारत होतो तेच आडमाप होतं, त्याला उत्तर द्यायचं म्हणजे माणसाला निबंध लिहायला बसावं लागलं असतं.

तेव्हापासून जे जे करून बघितलं त्यातलं चाललं ते आणि आपटलं ते, दोन्ही इथे लिहितोय. बागायतदारांचा ग्रुप असो, भजनी मंडळाचा असो, माहेरवाशिणींचा असो, फेसबुकवर असो नाहीतर व्हॉट्सॲपवर, बऱ्यापैकी लागू पडेल.

आधी डोकं थंड करा. जेकब नील्सन म्हणून एक जण आहे, लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारा, त्याने २००६ साली एक ठोकताळा मांडला की अशा ठिकाणी १०० पैकी ९० जण नुसते बघतात, ९ जण कधीमधी बोलतात आणि उरलेला १ जण बहुतेक सगळं लिहितो. म्हणजे आमचे ३४० मधले ७ हे त्या हिशेबात बरेच म्हणायचे! सगळी ३४० माणसं बोलणार नाहीत आणि बोलली तर तुमचाच मोबाईल तुम्ही ओहोळात फेकाल. आपल्याला त्या ९० मधले थोडे उचलून कधीमधी बोलणाऱ्या ९ मध्ये आणायचेत, बस.

आणि ती माणसं खरंच वाचतात का तेही बघून घ्या. तुम्ही ग्रुपवर टाकलेला मेसेज दाबून धरायचा आणि माहिती उघडायची, कोणी कोणी वाचला त्यांची नावं येतात, निळी टिक बंद करून ठेवलेल्यांची पण येतात कारण ती सेटिंग ग्रुपला लागत नाही. मी पहिल्यांदा ती यादी बघितली तेव्हा गार पडलो, २०० च्या वर नावं, त्यात आमच्या शेजारची ७० वर्षांची काकी, जिचा फोन मी फक्त आरतीचा व्हिडिओ काढताना बघितलेला. पण हे बघितलंय ते ग्रुपवर बोलून दाखवू नका, "वाचता पण उत्तर देत नाही" असं म्हटलंत की माणूस वाचायचं पण सोडतो.

गप्प का बसतात हे मी लोकांना घरी जाऊन विचारलं, ग्रुपवर विचारून काय उपयोग. काकी म्हणाली, "माका लिवूक जमणा नाय, हसतले सगळे." हे सगळ्यात मोठं कारण निघालं. मालवणीत लिहिलं तर अडाणी वाटेल, शुद्ध लिहायला गेलं तर न आणि ण चा घोळ, आणि ग्रुपात एखादे निवृत्त गुरुजी असतातच जे वाढदिवसाच्या शुभेच्छांमधला ऱ्हस्व-दीर्घ पण सुधारतात. दुसरं कारण, आधी एकदा लिहिलं होतं आणि कोणी ढुंकून बघितलं नाही. तिसरं मला पुरुष असल्यामुळे कधी सुचलंच नसतं ते एका वहिनीने सांगितलं की ग्रुपात सासरे, दीर, चुलत सासरे सगळे बसलेत, तिथे मी काय बोलणार, ओटीवर बोलत नाही तर इथे बोलू? आमच्या ग्रुपातल्या अर्ध्याअधिक बायका सुना आहेत, म्हणजे निम्म्या बायका तिथेच बंद.

आता प्रश्न कसा विचारायचा, कारण ८० टक्के काम तिथे आहे (हे टक्के माझ्या मनाचे, मोजलेले नाहीत).

देवाला घालतात ते गाऱ्हाणं आठवा. देवळात मानकरी नाहीतर गुरव एकेक वाक्य बोलतो, थांबतो, आणि सगळे म्हणतात "व्हय म्हाराजा!" पाच वर्षांचं पोर पण ओरडतं, मुंबईहून १० वर्षांनी आलेला पण ओरडतो, कोणाला तयारी करावी लागत नाही कारण उत्तर आधीच हातात दिलेलं असतं आणि ते सगळ्यांचं सारखंच असल्यामुळे चुकायची भीती नाही. ग्रुपवर प्रश्न टाकताना मी आता हेच बघतो, याला "व्हय म्हाराजा" एवढं छोटं उत्तर आहे का.

"गावाच्या विकासासाठी आपल्या सूचना कळवाव्यात" याला नाही. "ओहोळावरचा साकव आज ओलांडता येतोय का? हो / नाही" याला आहे. "पारंपरिक पाककृती पाठवा" म्हटलं तर कोणी पाठवत नाही, पण "घावणे तुमच्याकडे कशाबरोबर, नारळाच्या रसाबरोबर की काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर" म्हटलं की बघा मजा, एक शब्द टाकून माणूस थांबत नाही, पुढे स्वतःहूनच सांगतो की आमची आजी रसात वेलचीऐवजी हळदीचं पान घालायची, आणि ही घ्या तुमची पाककृती, न मागता.

ज्या प्रश्नाला प्रत्येक घरचं उत्तर वेगळं आणि तरी प्रत्येकाचं बरोबर, तो सोन्याचा प्रश्न. आमच्या ग्रुपवर सगळ्यात चाललेला प्रश्न कुठला तर "तिसऱ्यांना (खायच्या शिंपल्यांना) तुमच्याकडे काय म्हणतात?" मुळे, शिवल्या, खुबे, मग कोणीतरी "खुबे वेगळे!", मग दुसरा "वेगळे कसे?", मग फोटो, मग माहेर रत्नागिरीकडचं असलेल्या बायकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं कारण त्यांच्या माहेरच्या शब्दाला पण तिथे जागा होती. दोन दिवस चाललं. मी एकदाच बोललो होतो, प्रश्न टाकताना.

दुसरा प्रकार, ज्याचं उत्तर लोकांना पण हवं असतं. डिसेंबरात मी विचारतो, "तुमच्या कलमांना काय आलंय? मोहर / पालवी / काहीच नाही, आणि बाग सड्यावर की खाडीकडे." (सडा म्हणजे वरचं कातळी माळरान.) आमच्याकडे पाऊस लांबला की कलमं मोहराऐवजी पालवीवर जातात आणि हापूसचा हंगाम पुढे सरकतो, तर हे प्रत्येक बागवाल्याला दुसऱ्याचं जाणून घ्यायचंच असतं पण समोर विचारायला अवघड वाटतं. रात्री सगळी उत्तरं मोजून मी टाकतो, सड्यावर एवढे, खाडीकडे एवढे. दुसऱ्या वर्षी तर मी विसरलो होतो आणि एका आजवर गप्प असलेल्या बागायतदाराने स्वतःच विचारलं, यंदा मोहराचं नाय विचारलंत?

तिसरा प्रकार जरा लबाडीचा आहे. माशाचा फोटो टाकायचा आणि "ही तारली ना?" असं अर्धवट ज्ञान दाखवायचं. माहिती विचारली तर कोणी देत नाही, पण चुकलेलं दिसलं की कोळीवाड्यातला माणूस जाळं टाकून मोबाईल उचलतो, पेडवे आहेत ते, डोळे फुटले काय तुझे. मी मुद्दाम खोटं टाकत नाही, मला खरंच कळत नाही म्हणून टाकतो, त्यामुळे चालून जातं. औषधी झाडं आणि अळंबी यांच्या बाबतीत मात्र हा खेळ अजिबात करू नका, चुकीचं नाव वाचून कोणी शिजवून खाल्लं तर निस्तरणार कोण.

पोल टाका, व्हॉट्सॲपवर २०२२ च्या शेवटी ती सोय आली आणि १२ पर्यंत पर्याय देता येतात, टायपायचं नसलेल्या माणसाला ती मोठीच सोय. फक्त कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं हे लक्षात ठेवून विषय निवडा. भजनाची बारी शुक्रवारी ठेवायची की शनिवारी, चालेल. सरपंच कसा वाटतो, नको.

प्रश्न टाकला की दुसरी गोष्ट, गप्प राहा. हे मला सगळ्यात जड गेलं. १० मिनिटं उत्तर आलं नाही की हात शिवशिवतात आणि आपणच पुढचं बोलून टाकतो, आणि मग ज्याला बोलायचं होतं त्याला वाटतं झालं आता. कोळी माणूस पहाटेच समुद्रावर गेलेला असतो, मुंबईवाला लोकलमध्ये लोंबकळत असतो, सून चुलीपासून सुटते रात्री नऊला. तीन-चार तास द्या. आणि रेंजचा विचार करा राव, आमच्या अर्ध्या वाड्यांत नेटवर्कसाठी सड्यावर चढावं लागतं, तिथे तुम्ही ४० एमबीचा ड्रोन व्हिडिओ टाकलात की तो उघडायच्या नादात तुमचा प्रश्न कोण वाचणार.

पण पहिलं उत्तर आलं, आणि ते जन्मात कधी न बोललेल्या माणसाचं आलं, तर मात्र हातातलं काम टाका. तासाभरात, नाव घेऊन, उलट एक प्रश्न विचारून उत्तर द्या. अंगठा नको. अंगठा म्हणजे "बरं बरं, बस खाली". "काकी, हळदीचं पान रसात घालता तर उकळताना की नंतर?" असं विचारलं की काकीला कळतं कोणीतरी खरंच वाचलं, आणि बघणाऱ्या बाकीच्या २०० जणांना कळतं की इथे बोललं तर वाया जात नाही. मी तीन जणांना आधीच सांगून ठेवलंय, एक गावातली, एक पुण्यातला, एक दहावीचं पोरगं, की नवीन कोणी बोललं आणि मी दिसलो नाही तर तुम्ही उचला.

आणि ज्याला बोलवायचंय त्याला ग्रुपवर नाव घेऊन उभं करू नका, शाळेत उभं केल्यासारखं होतं. आधी खाजगीत फोन किंवा मेसेज, "आबा, फणसाची साटं तुमच्या घरची चांगली होतात, उन्हात किती दिवस ठेवता ते उद्या मी ग्रुपवर विचारलं तर सांगाल?" दहातले सात-आठ हो म्हणतात, कारण माणसाला विचारलेलं आवडतं, फक्त सावकाश विचारलेलं आवडतं.

लिहायच्या भीतीवर माझे दोन उपाय. एक म्हणजे आवाज. माईक दाबून बोलायचं, मालवणीत बोलायचं, आम्ही नियमच केला की ऑडिओ एक मिनिटाच्या आत आणि त्याखाली एका पोराने दोन ओळीत लिहून टाकायचं काय सांगितलंय ते, म्हणजे लोकलमध्ये कानात वायर नसलेल्याला पण कळतं. दुसरं म्हणजे मोबाईलच्या कीबोर्डवरच मराठी माईक असतो, बोललं की देवनागरी उमटतं, मालवणीला तो कधीकधी भलतंच काहीतरी लिहितो पण त्यावर हसायला सगळ्यांना मजा येते आणि हसणं मशीनवर असतं, माणसावर नाही. शुद्धलेखन सुधारायचं नाही हा आमचा पहिला नियम आहे. गुरुजींना मी खाजगीत सांगितलं, हात जोडून, आणि बदल्यात त्यांना गावातल्या शेतांची नावं गोळा करायचं काम दिलं, कुणगा, मळा, भरड, प्रत्येक तुकड्याला नाव असतं ना आपल्याकडे, ते आता त्यात इतके गुंतलेत की ऱ्हस्व-दीर्घ विसरले.

हे काम देणं फार चालतं. माणसाला मत विचारलं तर लाजतो, काम दिलं तर येतो. एक जण आहे तो फक्त रेल्वेच्या बुकिंगची तारीख सांगतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस झालं, तेव्हा गणपतीच्या गाड्यांचा सगळ्यांचा हिशेब बिघडला, तर हा बाबा रोज रात्री टाकतो, उद्या सकाळी ८ ला अमुक तारखेचं उघडणार. एरवी एक अक्षर बोलत नाही. एक ताई एसटी सुटली की नाही ते सांगते. झालं, दोन माणसं वाढली.

सुनांचं काय केलं तर मी काहीच केलं नाही, त्या वहिनीलाच विचारलं, तिने बायकांचा वेगळा ग्रुप काढला, त्यात मी नाही. तिथलं काही सगळ्यांना सांगण्यासारखं असेल तर ती बोलणाऱ्या बाईला विचारून इकडे आणते. एका वर्षात त्यातल्या काही जणी मोठ्या ग्रुपवर पण बोलायला लागल्या, सासऱ्यांच्या देखत, रानभाज्यांच्या विषयावरून सुरुवात झाली, कारण फोडशी कधी कोवळी असते आणि कुर्डू कुठे उगवतो हे सासऱ्यांना कुठे माहीत असतं.

नवीन माणूस आला की घरात आपण काय करतो, गूळ-पाणी देतो, मग विचारतो वाटेत त्रास नाही ना झाला. ग्रुपवर मात्र आलेल्याला पहिल्या मिनिटाला १४ नियम पाठवतो! आमचा मेसेज आता एवढाच, "या, बसा. कुठल्या वाडीतले, आणि गावी आल्यावर पहिलं काय खाता?" परिचय द्या म्हटलं की लोक नोकरीचा हुद्दा लिहितात नाहीतर काहीच लिहीत नाहीत, खाण्याचं विचारलं की "सोलकढी, आईच्या हातची" असं काहीतरी येतं आणि तिथून बोलणं लागतं. नियम दोन ओळीत वर पिन करून ठेवलेत, ३० दिवस राहतात, मग परत लावायचे.

आता उपद्रव थोडक्यात. सुप्रभात, फुलं, देवांचे फोटो आणि फॉरवर्ड यांच्या ढिगाऱ्याखाली काकीची एक ओळ गाडली जाते, म्हणून त्यांना वेगळा ग्रुप काढून दिला, तिकडे सुखात आहेत. फक्त ॲडमिनच मेसेज टाकतील ही सेटिंग चुकूनही कायमची लावू नका, मी एकदा भांडणानंतर महिनाभर लावली होती आणि उघडल्यावर दोन आठवडे सन्नाटा होता. भांडणं आमच्याकडे तीनच विषयांवर होतात, सामायिक जमीन, देवळातला मान आणि ग्रामपंचायत, तिन्ही ग्रुपवर काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. कोणी काढलंच तर मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण करायच्या आधी त्या माणसाला फोन करा. आणि ॲडमिन व्हायला घाबरणाऱ्यांसाठी, २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, त्याच्याशी आधी संगनमत नसेल तर, नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही.

लोकांनी सांगितलेल्याचं पुढे काय झालं ते दाखवलंत की लोक परत येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पं घ्या, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण त्यातली कितीतरी आपल्या गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना आधीपासून माहीत होती, शोधणारी माणसं गावोगाव फिरून विचारत बसली म्हणून बाहेर आली. कोणी विचारलंच नसतं तर गुराखी स्वतःहून सांगायला थोडाच येणार होता? आम्ही त्याच धर्तीवर गावातल्या विहिरींची यादी केली, कुठली कधी आटते, कुठलीचं पाणी मचूळ, आणि छापून देवळात लावली, प्रत्येक विहिरीसमोर माहिती देणाऱ्याचं नाव, अर्थात त्याला विचारून. यादी लावल्यावर आठवड्यात चार विहिरी वाढल्या, सगळ्या अशा लोकांकडून ज्यांना आपलं नाव तिथे नाही हे खटकलं.

मोजायचं असेल तर मेसेज मोजू नका, महिन्यात पहिल्यांदाच बोललेली नवीन माणसं किती ते वहीत लिहा. माझ्याकडे चांगल्या महिन्यात ५ येतात, पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत शून्य, आणि शून्य आलं तर ग्रुप आजारी आहे असं समजू नका, माणसं चिखलात आहेत.

आणि गणपतीची वाट बघा. सगळे गावी असतात, मोबाईल हातात असतो, तेव्हा ओटीवर बसून पाच म्हाताऱ्या माणसांच्या फोनात मराठी कीबोर्ड आणि माईक चालू करून द्या, अक्षरं मोठी करा, ग्रुप सगळ्यात वर पिन करून द्या, अख्ख्या वर्षाच्या विनंत्यांपेक्षा ती एक दुपार जास्त काम करते. गेल्या वर्षी मी शेजारच्या काकीचा फोन असाच लावून दिला, म्हटलं आता बोल काहीतरी, तिने माईक दाबला, माझ्याकडे बघितलं आणि ग्रुपवर आलं, "चाय पिवन जा". मी समोरच बसलेलो. विरारवरून कोणीतरी लगेच विचारलं, मी येव काय?